अंबिलीच्या वाडग्याची कड

शेफनं रिकामा वाडगा ओठांना लावला, डोळे मिटले आणि ते न उघडताच म्हणाली, "अजून पातळ कर, ताई."

"याहून पातळ केला तर फुटेल."

"फुटू दे. ओठाला भांडं लागायला नको. अंबील लागली पाहिजे."

मी महागड्या रेस्टॉरंटसाठी ताटल्या, वाडगे, पेले बनवते. ही दुकानात मिळणारी भांडी नव्हेत. शेफ एक पदार्थ ठरवतो किंवा ठरवते, आणि त्या एका पदार्थासाठी मी एक भांडं आखते, चाकावर घडवते, भाजते. त्याआधी मी एका कंपनीत प्लॅस्टिकच्या डब्यांची डिझाइनं करत असे. तिथं डबा तिसऱ्या मजल्यावरून टाकून बघायचा, तो उसळी मारून खाली लोळायचा, आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. मातीकडे वळले तेव्हा माझा नवरा म्हणाला होता, "आता तुला रोज घाबरायला मिळणार." तो चेष्टेत म्हणाला होता, पण बोलला ते खरं होतं. भट्टी उघडताना मी घाबरते, भांडी खोक्यात भरताना घाबरते, रिक्षा खड्ड्यातून गेली की घाबरते. पण ही सगळी भीती भांड्याची. माणसाची भीती मला त्या रविवारपर्यंत ठाऊक नव्हती.

प्रभात रस्त्याच्या एका शांत गल्लीत, जुन्या बंगल्यात ते रेस्टॉरंट आहे. शेफ तिशीची मुलगी. परदेशात शिकून आलेली, बोलायला तुटक, कामाला वाघीण. तिथं आपण मेनूकार्डावर बोट ठेवून काही मागवायचं नाही. ती जे आणि ज्या क्रमानं देईल ते खायचं. त्यात तिला ज्वारीच्या पिठाची, ताकातली, गार अंबील द्यायची होती. वर कुरकुरीत लाह्या, तळलेल्या लसणाचे काप, आणि चमचा अजिबात नाही. वाडगा दोन्ही हातांनी उचलायचा आणि प्यायचा.

मी चार-पाच तऱ्हेच्या कडा करून नेल्या. एक अगदी कागदासारखी झाली. तिच्यावर मी स्टीलचा चमचा आपटला आणि ती टचकन उडाली. ती मी बाद केली. तिच्याहून जराशी जाड होती ती चमच्याला टिकली, गरम पाण्यातून गार पाण्यात घातली तरी टिकली. शेफनं ती पसंत केली. वाडगे मशिनमध्ये घालायचे नाहीत, एकात एक ठेवायचे नाहीत, हातानं धुवायचे आणि पंचावर पालथे घालायचे, असं आमचं ठरलं. पांढऱ्या मातीचे, आतून चकचकीत, बाहेरून खरखरीत असे ते वाडगे दिसायला फार देखणे होते. आजही मी ते नाकारणार नाही.

काही महिने सगळं सुरळीत चाललं. लोक अंबिलीचे फोटो काढत होते.

रविवारी दुपारी मी धायरीच्या शेडमध्ये होते. शेड एका तिथल्याच कुटुंबाची. पूर्वी त्यात गुरं असायची, आता माझी भट्टी आहे. फोन वाजला आणि शेफचं नाव दिसलं. ती कधी फोन करत नाही. मेसेज करते, तोही दोन शब्दांचा. मातीचे हात तसेच फडक्याला पुसून मी फोन उचलला.

"ताई, अंबिलीचा एक वाडगा टेबलावरून परत आलाय. कडेचा तुकडा गेलाय."

"कुठे गेलाय?"

"तेच तर कळत नाहीये."

पुढचं तिनं भराभर सांगितलं. भांडी धुणाऱ्या मावशींच्या बोटाला काहीतरी लागलं, रक्त आलं, म्हणून त्यांनी वाडगा उजेडात धरला. कडेला नखाएवढी खाच. टेबलावर तुकडा नाही, खाली गालिच्यावर नाही, ट्रेमध्ये नाही. माणसं जेवून अर्ध्या तासापूर्वीच निघून गेली होती. सात जण. दोन कुटुंबं होती, बहुतेक मुलामुलीच्या लग्नाची बोलणी. सातही वाडगे एकदम उचलले होते, त्यामुळे हा कुणापुढचा ते सांगता येत नव्हतं.

"अंबील संपवली होती?" मी विचारलं.

"सातही वाडगे चाटूनपुसून रिकामे."

मी खाली बसले. पांढऱ्या वाडग्याचा पांढरा तुकडा, पांढऱ्या अंबिलीत, कुरकुरीत लाह्यांच्या खाली. दाताखाली आला असता तरी लाहीच वाटली असती. चमचा नाही, म्हणजे आधी बोटाला किंवा नजरेला काही लागण्याची शक्यताच नाही. वाडगा सरळ तोंडाला. हे सगळं आम्ही दोघींनी किती प्रेमानं ठरवलं होतं.

शेडच्या मालकीणबाई दारात वाळवण उचलत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय झालं वो ताई? घरचं समदं बरं हाय ना?"

"घरचं बरं आहे. माझ्या भांड्याचा तुकडा बहुतेक कुणाच्या पोटात गेलाय."

त्या जागच्या जागी थांबल्या. मला वाटलं, त्या म्हणतील काही होत नाही. पण त्यांनी माझ्या हातातला ओला वाडगा काढून घेतला, फळीवर ठेवला आणि म्हणाल्या, "मंग हितं काय बसलाय? जावा की."

सिंहगड रस्त्यावर रविवारची गर्दी होती. खडकवासल्याहून परतणाऱ्या गाड्या, मागच्या सीटवर भिजलेली, झोपलेली पोरं. स्कूटरचं हँडल माझ्या हातातून निसटत होतं, इतका घाम. सिग्नलला थांबले की मी आवंढा गिळून बघायची. गिळताना घसा कसा आकसतो, मग ते खाली कुठं जातं, याचा मी आयुष्यात कधी विचार केला नव्हता. आता मला तो सगळा रस्ता आतून जाणवत होता. त्या तुकड्याची धार मला माहीत होती. भाजलेली माती फुटते तेव्हा काचेसारखीच फुटते. असे तुकडे गोळा करताना माझी बोटं कितीदा कापली आहेत.

राजाराम पुलापाशी मी स्कूटर बाजूला घेतली आणि शाळेतल्या मैत्रिणीला फोन लावला. ती सर्जन आहे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"बहुतेक वेळा निघून जातं," ती म्हणाली. "पण धार असेल तर कुठेही अडकू शकतं, टोचू शकतं. ज्यानं गिळलंय त्याचं वय काय?"

"माहीत नाही."

"घसा दुखतोय? पोट?"

"माहीत नाही गं. कोण आहे तेच माहीत नाही."

ती म्हणाली, "मग आधी माणूस शोध."

मी पोचले तेव्हा मागच्या अंगणात शेफनं मोठा प्लॅस्टिकचा कागद पसरला होता आणि ओल्या कचऱ्याची बादली त्यावर उपडी केली होती. ती गुडघ्यांवर बसून त्यात हात घालत होती. मी तिच्यासमोर बसले. आधी हातमोजे घातले, पण त्यातून काहीच कळेना, म्हणून काढून टाकले. उघड्या बोटांनी उष्टं चाचपत राहिलो. माशांचे काटे, लिंबाच्या साली, भात, आणि लाह्या. सगळीकडे लाह्या. प्रत्येक लाही मला तुकडा वाटायची; मी ती उचलायची, दोन बोटांत दाबायची, ती पिचायची. एकदा काहीतरी कडक, पांढरं, टोकदार लागलं. मी ओरडलेच. शेफ सरपटत माझ्याकडे आली. खोबऱ्याचा काप होता. तिनं तो माझ्या हातातून घेतला आणि इतका वेळ पाहत राहिली, जणू पाहून पाहून तो वाडग्याचा तुकडा होणार होता.

बादली संपली. तुकडा नव्हता.

"त्यांना फोन करायला हवा," मी म्हणाले.

रेस्टॉरंटचे मालक तोवर अंगणात येऊन उभे होते. पन्नाशीचे, एरवी हसतमुख गृहस्थ. ते म्हणाले, "हे बघा, काही झालं असेल तर ते स्वतः फोन करतील. नसेल झालं, तर आपण उगाच कशाला सांगायचं? तुकडा कदाचित गटारातही गेला असेल."

गेला असेलही. ते म्हणाले तसं मानायला मी एका पायावर तयार होते, हे मला स्पष्ट आठवतं. गप्प बसलं तर कदाचित काहीच झालेलं नसेल. फोन केला तर ते झालेलंच असेल. शेफनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या कोपरापर्यंत उष्टं लागलं होतं. ती इतकी लहान दिसेल असं मला वाटलं नव्हतं.

"सर, मी करतेय फोन," ती म्हणाली. "तुम्ही हवं तर आत जा."

टेबल ज्यांच्या नावानं होतं त्यांचा नंबर होता. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. पुन्हा. आम्ही हात धुतले, कागद गुंडाळला, परत लावला. उचलत नाहीत म्हणजे गाडी चालवत असतील, असं ती म्हणाली. मला मात्र उचलत नाहीत म्हणजे हॉस्पिटलमध्ये असतील असंच वाटत होतं. स्वयंपाकघरातली मुलं आवाज न करता पातेली उचलत होती. कुणीतरी आमच्यासाठी चहा आणून ठेवला होता. त्यावर साय धरली.

शेवटी त्यांचाच फोन आला. शेफनं स्पीकर चालू केला.

"मिस्ड कॉल दिसले. काही विसरलं का आमचं?"

शेफनं सांगितलं. ती एकदाही अडखळली नाही, काही लपवलंही नाही. पलीकडे बाईचा आवाज, काय झालं, कोण आहे. मग ते गृहस्थ सावकाश म्हणाले, "म्हणजे आमच्यापैकी कुणीतरी काच खाल्लीय?"

"काच नाही, चिनी माती. आणि खाल्लीच असेल असं नाही, सर. पण खात्री करायला हवी."

"मी आणि बायको बरे आहोत. थांबा, विचारतो."

त्यांच्या मुलीचंच लग्न ठरत होतं. मुलगी आणि तो मुलगा जेवणानंतर कॉफी प्यायला गेले होते. ते दोघंही ठीक होते. मुलाच्या आईवडिलांना फोन करायला मात्र हे गृहस्थ बराच वेळ कचरत होते, असं त्यांनी नंतर सांगितलं. पहिल्या भेटीनंतर दोन तासांत काय विचारणार? तुमच्या पोटात काही टोचतंय का? पण त्यांनी विचारलं. तेही ठीक होते.

मग त्यांचा पुन्हा फोन आला, आणि आता आवाज बदललेला होता.

"आई फोन उचलत नाहीये."

त्यांची आई ऐंशीच्या घरातली, कोथरूडला एकटी राहणारी. तिला दारात सोडून ते हिंजवडीला आपल्या घराकडे निघाले होते आणि रस्त्यातल्या गर्दीत अडकले होते. "मी मागे फिरतोय, पण मला वेळ लागेल. ती गाडीत एक शब्द बोलली नाही हो. मला वाटलं दमली असेल. पण ती कधी गप्प नसते. कधीच नसते."

शेजाऱ्यांकडे किल्ली असते, पण शेजारी गावाला गेलेले. त्यांनी पत्ता दिला. आम्ही दहाएक मिनिटांच्या अंतरावर होतो.

शेफ माझ्या मागे स्कूटरवर बसली. फुटका वाडगा तिनं टॉवेलात गुंडाळून छातीशी धरला होता. कर्वे रस्त्यावर मी स्कूटर कशी चालवली ते मला सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की मागून तिचा श्वास ऐकू येत होता आणि मी मनात एकच वाक्य म्हणत होते: दार उघडू दे, दार उघडू दे.

जुनी चार मजली सोसायटी, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर पितळी पाटीचं दार. मी बेल दाबली. काही नाही. शेफनं दाबली. काही नाही. मग आम्ही बोट उचललंच नाही. कान दाराला लावला. आत पूर्ण सामसूम. माझ्या डोळ्यांसमोर त्या बाई होत्या, कधीही न पाहिलेल्या: स्वयंपाकघरात, फरशीवर, हात घशाशी. मी दारावर थापा मारायला लागले. शेफ "आजी! आजी!" म्हणून ओरडत होती. वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावून बघितलं.

आत कडी वाजली. दार साखळीपुरतं उघडलं आणि फटीतून एक चष्मा दिसला.

"बेल आहे ना तिथं? मग दार कशाला बडवताय?"

"आजी, बेल... वाजवत होतो आम्ही."

त्यांनी आत हात लांब करून दिव्याचं बटण खालीवर केलं. "अच्छा. लाइट गेलीय." मग आमच्याकडे नीट बघितलं. "आणि लाइट नसली तरी दुपारी माणसं झोपतात. तुम्ही काय विकताय?"

मला रडू फुटलं. तिथंच जिन्यात, त्यांच्या चपलांच्या स्टँडशेजारी. शेफनं सांगितलं आम्ही कोण, कुठून आलो. आजींनी साखळी काढली, पण दारातून बाजूला झाल्या नाहीत. त्यांचा चेहरा एकदम बदलला. त्या चोरून काही केलेल्या मुलीसारख्या दिसायला लागल्या.

"त्याच्यासाठी एवढ्या लांब आलात?" त्या म्हणाल्या. "मी उद्या मुलाबरोबर पाठवणारच होते."

"काय पाठवणार होता?"

त्यांनी आम्हाला आत घेतलं आणि पर्स आणली. पर्समधून कागदी नॅपकिनची घडी काढली, घडीतून तुकडा. पांढरा, नखाएवढा, एका बाजूनं चकचकीत. शेफ मटकन खुर्चीत बसली.

"कुठं मिळाला तुम्हाला?" मी विचारलं.

"तोंडात," आजी म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. अंबील पिताना दातांत काहीतरी कडक आलं. त्यांच्या पुढच्या दाताला कॅप होती, तीच निघाली असं त्यांना वाटलं. समोर नातीचे होणारे सासूसासरे. "पहिल्याच भेटीत तोंडातून दात काढून टेबलावर ठेवायचा? काय म्हणतील, घराणं खिळखिळं आहे." म्हणून त्यांनी नॅपकिन ओठांशी नेला, तुकडा त्यात घेतला आणि पर्समध्ये टाकला. त्यानंतर जेवण संपेपर्यंत तोंड उघडून हसल्या नाहीत. परतताना गाडीत जिभेनं दात चाचपत बसल्या होत्या, म्हणून गप्प. घरी येऊन आरशात बघितलं तर कॅप जागच्या जागी. मग कळलं की हे भांडं आहे. आणि भांडं म्हटल्यावर वाटलं, आपल्याच हातून फुटलं.

"माझ्या बांगड्या लागल्या असतील त्याला. इतका नाजूक होता तो, हातात धरायलाच भीती वाटत होती. मला वाटलं, तुम्ही लोक फोन कराल, मुलगा चिडेल. म्हणून झोपले."

"आणि फोन? मुलगा किती वेळ लावतोय तुम्हाला."

"तिथं गेल्यावर सायलेंट केला होता. टेलिफोन खात्यात जन्म गेला माझा, बाई. दुसऱ्यांचे वाजवून वाजवून कंटाळले."

त्या क्षणी मी हसलेही असेन. शेफ तर हसत आणि रडत एकदमच होती. मी टॉवेल उलगडला, वाडगा खिडकीपाशी उजेडात नेला आणि तुकडा खाचेत बसवून बघितला. रोजची सवय, बाकी काही नाही. तुकडा छान बसला. फक्त डाव्या कोपऱ्यात फट राहिली. मी तो जरा सरकवला. फट तशीच. तिळाएवढी, कदाचित तांदळाच्या कणीएवढी. तिथली माती या तुकड्याबरोबर नव्हती.

मी नॅपकिन उलगडून झटकला. पर्स उलटी करायची परवानगी मागितली. बसचा पास, वेलदोडे, रुमाल. कणी नव्हती.

"काय झालं?" शेफनं विचारलं. मी तिला फट दाखवली. तिचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, आणि मग हळूहळू गेलं.

आजींना मी सांगितलं. मला तसं करायचं नव्हतं; फार सोपं होतं न सांगणं. त्यांनी चष्मा वर करून वाडगा डोळ्यांजवळ नेला.

"म्हणजे एवढंसं मी गिळलंय."

"कदाचित. कदाचित नॅपकिनमधून पडलं असेल."

"दुखत तर काही नाही."

"घशात? गिळताना?"

त्यांनी आवंढा गिळला. आम्ही दोघी त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. त्यांची ती बारीक, सुरकुतलेली मान, आणि त्यात खाली जाणारी हालचाल. "आता तुम्ही अशा बघताय म्हटल्यावर टोचतंय असंच वाटणार ना," त्या म्हणाल्या, पण त्यांचा हात घशाशी गेला होता आणि तो त्यांनी खाली घेतला नाही.

मुलगा आला तो जिना धावतच चढला होता. आई खुर्चीत बसलेली पाहून त्याचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच तो माझ्यावर उसळला. "तुम्ही बनवता हे? लोकांच्या तोंडाला लावायचं भांडं असं असतं? नवजात बाळासारखं धरायला लागतं ते?" शेफ म्हणाली, "सर, पातळ कड मी मागितली होती." तो म्हणाला, "मला तुमच्यातलं ठरवायचं नाहीये." बरोबरच होतं त्याचं.

माझ्या मैत्रिणीशी मी त्याचं बोलणं करून दिलं. तिच्या सांगण्यावरून आम्ही सगळेच आजींना जवळच्या हॉस्पिटलमध्ये घेऊन गेलो. डॉक्टरांनी घसा तपासला, एक्स-रे काढला. त्यात काही दिसलं नाही. इतकं बारीक दिसेलच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. पोटात दुखलं, ताप आला, काळी शी झाली, तर ताबडतोब यायचं. एरवी वाट बघायची.

ती वाट बघणं मी कुणाला समजावून सांगू शकत नाही. मी रोज सकाळी आजींना फोन करायची. आता त्या फोन उचलायच्या. "आहे अजून," एवढं म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या. एका सकाळी त्यांनी उचलला नाही, आणि मी चाकावरची ओली माती तशीच टाकून स्कूटर काढली. अर्ध्या वाटेत त्यांचाच फोन आला: "अंघोळीला गेले होते. तेवढं चालेल ना?"

मला झोप लागेना. लागली तर स्वप्नात मी तोंडातून तुकडे काढत असे, एकामागून एक, वाडगाच्या वाडगा. नवऱ्यानं पोळी मोडताना कुरकुरीत पापुद्र्याचा आवाज झाला तरी मी दचकायची. एक दिवस आजी म्हणाल्या, "गिळताना टोचल्यासारखं वाटतंय जरा." मी आणि त्यांचा मुलगा दोघंही धावलो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं. घसा स्वच्छ. सर्दी होती. आजी बाहेर येऊन म्हणाल्या, "आता आपण तिघांनी एकमेकांना घाबरवणं बंद करू या का?"

आणि मग, बरेच दिवस उलटल्यावर, त्यांनी सकाळी फोन उचलून नेहमीचं न म्हणता म्हटलं, "हे बघा, असलं तर गेलं. नसलं तर नव्हतंच. मी चकली खाल्ली काल. आता रोज फोन नका करू, मला चहा गार होतो."

त्यांना काही झालं नाही. नातीचं लग्न ठरलं; ठरायचं तेव्हा आजींनी त्या मंडळींना दाताची गोष्ट स्वतःच सांगून टाकली म्हणे. कणी कुठं गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही. कड कशानं उडाली तेही नाही. बांगडी, नळ, दुसरा वाडगा, किंवा भाजतानाच आत कुठं तरी राहिलेली रेष. शेफ आणि मी सगळ्या शक्यता मांडून बघितल्या आणि एकीवरही बोट ठेवता आलं नाही.

उरलेले वाडगे आम्ही परत घेतले. मी ते शेडमागे पोत्यात घालून फोडले. मालकीणबाई म्हणाल्या, "एवढं चांगलं कशाला फोडताय? आमी घेतो की घरात." मी नको म्हटलं, त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. नव्या वाडग्याची कड मी गोल, जाड, बाहेर वळलेली केली. आतून तो गडद निळा आहे, म्हणजे कधी उडालाच तर पांढऱ्यात दिसेल. शेफनं तो बघितला आणि स्वीकारला. लाह्या आता वेगळ्या वाटीत येतात, ज्याला हव्यात त्यानं घालून घ्याव्यात. आणि त्या वाटीत एक छोटा लाकडी चमचा असतो.

काम चालू आहे. पण प्रत्येक नवं भांडं पहिल्यांदा टेबलावर जातं तेव्हा मी हजर राहते, भिंतीशी, जिथून माझी कुणाला अडचण होणार नाही. लोक पदार्थाकडे बघतात, एकमेकांकडे बघतात. मी त्यांच्या गळ्याकडे बघते. मागच्या महिन्यात एका तरुणानं पेला तोंडाला लावला आणि तो खोकला. त्याचा चेहरा लाल झाला, हात टेबलावर आपटला. मी भिंत सोडून कधी त्याच्या खुर्चीपाशी पोचले ते मलाच कळलं नाही.

नुसता ठसका होता. त्यानं पाणी प्यायलं, डोळे पुसले, मला वेटर समजून हसून "ठीक आहे, ठीक आहे" म्हणाला आणि पुन्हा पेला उचलला.